डोंगरावर तास घ्यायचाय, पण प्राचार्य म्हणतात ही पिकनिक आहे

पत्र थोडं लांब होतं म्हणून मुद्द्याचं तेवढंच देतो. लिहिणाऱ्या मॅडम रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर (तासाप्रमाणे मिळणाऱ्या मानधनावर) बॉटनी शिकवतात, शिवाय पर्यावरणाचा पेपर त्यांच्याकडे आहे. त्या लिहितात: "डिसेंबरमध्ये ४० मुलांना एका गडावर नेलं. वर पोचल्यावर देवराई आणि जैवविविधता यावर तासभर बोलले. मागच्या निम्म्यांना ऐकूच गेलं नाही, पुढचे रील काढत होते. प्राचार्य म्हणाले, ही तर पिकनिक झाली. मला आता फील्ड प्रोजेक्टचे २ क्रेडिट पूर्णपणे डोंगरातच शिकवायचेत, प्रचितगडाच्या बाजूला तीन दिवस मुक्काम करायचा असं डोक्यात आहे. पालक मुलींना सोडतील का? मार्क कसे द्यायचे? पावसाचं काय, सापाचं काय? करू की नको?"

मॅडम, करा. प्रचितगड मात्र यंदा नको. शृंगारपूरकडून चढ खडा आहे, वाटेत शिडी आहे, वर व्याघ्र प्रकल्पाची हद्द लागते म्हणजे वनखात्याची परवानगी आली, आणि ४० मुलं वर पोचेपर्यंत त्यांचा जीव इतका मेटाकुटीला आलेला असतो की ती डबा उघडणार आणि तिथेच आडवी होणार. त्यांची चूक नाही त्यात. घाम निथळतोय, पाय थरथरतायत, अशा वेळी जैवविविधतेची व्याख्या तुमच्या-माझ्याही डोक्यात शिरणार नाही.

डिसेंबरात जे झालं त्याचा राग रीलवर काढू नका. तुम्ही वर्गातलंच लेक्चर उचललंत आणि गडावर नेऊन दिलंत. देवराई म्हणजे काय, हे पंख्याखाली बसून जास्त चांगलं ऐकता येतं, फळा असतो, आवाज पोचतो. वाऱ्यात उभं राहून तेच ऐकायला मुलांनी का थांबावं? माझं सांगणं इतकंच आहे की बाहेर फक्त तेच शिकवा जे तिथे गेल्याशिवाय शिकवताच येत नाही, बाकी सगळं आधी किंवा नंतर वर्गात. असं ठरवलंत की तुमच्या यादीतले बरेच विषय आपोआप गळतील, गळू देत.

मग उरतं काय? तुमच्या कॉलेजच्या मागे सडा, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाचं उघडं पठार, असेलच, आपल्याकडे नसतो कुठे. त्यापासून सुरुवात करा. तिथे रिक्षा जाते, दम्याचा त्रास असलेला मुलगा येऊ शकतो, पायाने अधू असलेली मुलगी येऊ शकते, आणि खर्च जवळपास शून्य. मुलांना वाटतं सडा म्हणजे काय, नुसता कातळ, गुरं चरायची जागा. म्हणूनच तर तो बरा. ओळखीच्या जागेत माहीत नसलेलं काहीतरी दिसलं की मुलं गप्प होतात, गडावर ती गडच बघत बसतात.

पहिल्या दिवसाचा प्रश्न असा ठेवा: आपल्याकडे पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर, मग एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या वाडीत टँकर का येतो? हा प्रश्न वर्गात विचारलात तर "वृक्षतोड, प्रदूषण" असं छापील उत्तर येईल. बाहेर विचारा. एकाने बाटलीभर पाणी भेगाळलेल्या जांभ्यावर ओतायचं, दुसऱ्याने घाटाच्या बाजूच्या काळ्या कातळाच्या अखंड तुकड्यावर (तो तुकडा आधी आणून ठेवा), तिसऱ्याने मोबाईलवर वेळ लावायची. जांभ्याला भोकं, भेगा, पाणी खाली निघून जातं, आणि त्याच्या खाली जिथे चिकट माती लागते तिथे ते अडतं आणि उताराच्या कडेने झरा होऊन बाहेर पडतं, मग पऱ्या (ओढा), मग खाडी. आता मुलांना घेऊन सड्याच्या कडेवरून पऱ्यापर्यंत सावकाश उतरा आणि प्रत्येक विहीर कुठल्या उंचीला आहे ते नकाशावर मांडायला लावा. सर्वे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या साइटवरून डाउनलोड करता येतात, त्यात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटर उंचीला एक अशा असतात, तेवढ्यावर काम भागतं. वाटेत एखाद्या घरी आजी असतीलच, त्यांना विचारायचं की विहीर कुठल्या महिन्यात आटते आणि पूर्वी कधी आटायची. आपली मुलं चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्याच कापलेल्या दगडाच्या, घरात राहतात, घराभोवती गडगाही (कुंपणाची भिंतही) चिऱ्याचाच, आणि त्या चिऱ्यातून पाणी कसं जातं ते त्यांनी कधी बघितलेलं नसतं. गणपतीच्या सुट्टीत तर हा सर्व्हे फुकटात होतो, सगळी मुलं आपापल्या वाडीत असतात, मुंबईहून आलेले काका-आत्याही असतात, प्रत्येकाने आपल्या वाडीतल्या विहिरींची माहिती आणायची.

याच धाग्यावर पुढे एक मोठा प्रश्न आहे, तो दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी ठेवा. आंबोली सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे माथ्यावर जांभा. रत्नागिरीचा सडा समुद्राला लागून, तोही जांभा. मधल्या घाटात मात्र साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट, थरावर थर. एकच जांभा दोन उंचीवर कसा आला? एकसंध होता आणि जमीन खचली, की दोन्हीकडे वेगवेगळ्या काळात तयार झाला? यावर भूशास्त्रवाल्यांची वादावादी जुनी आहे, तुम्ही बॉटनीच्या, तुम्हाला उत्तर द्यायची गरजच नाही. मुलांना एसटीने घाट चढवा, खिडकीतून खडक कुठे बदलतो ते लिहायला सांगा आणि वर गेल्यावर भांडू द्या. ज्या प्रश्नाचं उत्तर गाईडमध्ये नाही तो एकदा तरी त्यांच्यापुढे यायला हवा, तीन वर्षांची डिग्री घेऊन जातात बिचारी आणि असा प्रश्न एकदाही भेटत नाही.

तुमच्या स्वतःच्या विषयाला सप्टेंबर. एक मीटर बाय एक मीटरचा दोरीचा चौकोन कातळावर टाकायचा आणि आत काय काय उगवलंय ते मोजायचं. उभ्याने बघितलं तर दोन-तीन रंग दिसतात, गुडघ्यावर बसून भिंगातून बघितलं की गेंद, सीतेची आसवं, कवला, बारीक गवतं, यादी वाढतच जाते. सीतेची आसवं ही वनस्पती किडे खाते हे पुस्तकात असतं, पण का खाते ते इथे कळतं, बोटभर माती, तीही पावसाने धुतलेली, त्यात नायट्रोजन मिळणार कुठून! हेच चौकोन जुलैत, सप्टेंबरात आणि नोव्हेंबरात तीन वेळा बघितले की मुलांच्या हातात स्वतःची आकडेवारी येते. एक विनंती, झाडं उपटून हर्बेरियम (वाळवलेल्या झाडांचा संग्रह) करायला लावू नका. आपल्या सड्यांवर पहिल्या पावसात दिपकाडी फुलते ती कोकणाबाहेर मिळायची मारामार, ४० मुलांनी एकेक कंद काढला तर पुढच्या बॅचला दाखवणार काय. फोटो काढा, चित्र काढा, आणि दुर्मिळ झाडाचं लोकेशन इन्स्टावर टाकायचं नाही हे आधीच सांगून ठेवा. तुमच्या सड्यावर कातळशिल्पं (कातळात कोरलेली जुनी चित्रं) असतील तर इतिहासाच्या सरांनाही सोबत घ्या. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचं गोठणं ही नावं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत, पण शिल्पावर उभं राहून फोटो काढणारे आणि खडूने रेघा ओढणारे अजून आहेतच, त्यात आपल्या मुलांची भर नको.

हा चौकोनांचा उद्योग मी हवेतून सांगत नाहीये. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात गॉथिक नावाचं चांदीच्या खाणीचं ओसाड पडलेलं गाव होतं, तिथे १९२८ साली एका कॉलेजातल्या प्राध्यापकाने रॉकी माउंटन बायोलॉजिकल लॅबोरेटरी सुरू केली. जवळजवळ २९०० मीटर उंची, हिवाळाभर बर्फ, उन्हाळ्यात विद्यार्थी येऊन राहतात, कोर्स तिथेच चालतात आणि त्याचे क्रेडिटही मिळतात. तिथे मार्मोट नावाच्या खारीच्या जातीतल्या प्राण्यावर १९६२ पासून नोंदी चालू आहेत, फुलं कधी उमलतात याच्या १९७० च्या दशकापासून. म्हणजे आज तिथे आलेलं पोरगं आजोबांच्या वयाच्या माणसाने आखलेल्या जागेवर बसून मोजतं. आपल्याला त्यांचा बर्फ नको, त्यांचा पैसा मिळणार नाही, पण ही एक सवय फुकट आहे. चौकोनांच्या कोपऱ्यांना खूण करा, जागा जीपीएसवर नोंदवा, वही कॉलेजच्या कपाटात ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच चौकोन द्या. पाच वर्षांनी तुमच्याकडे जे असेल ते जिल्ह्यात फार कमी लोकांकडे असेल, आणि प्राचार्यांना नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, वेळी दाखवायला काहीतरी मिळेल (हे त्यांना आत्ताच सांगितलंत तरी चालेल, सांगाच).

आता उभं कसं राहायचं ते, कारण याचा कुणी विचारच करत नाही. ऊन तुमच्या तोंडावर घ्या, मुलांच्या पाठीवर द्या. वाराही त्यांच्या पाठीवर राहील असं बघा. दरी, समुद्र, धबधबा जे काय प्रेक्षणीय असेल ते त्यांच्या मागे, तुमच्या नाही, नाहीतर तुमच्याकडे बघणार कोण. आल्या आल्या दहा मिनिटं मोकळी सोडा, फोटो, रील, आरडाओरडा होऊन जाऊ दे, मग मोबाईल आत. एका वेळी पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. सगळ्यांना एकदम नेऊच नका, दहा-दहाच्या चार बॅच करा, प्रत्येक दहामागे एक मोठं माणूस. चार वेळा जावं लागेल, हो, कंटाळा येईल. पण ४० जणांची एक खेप म्हणजे सभा होते. वही साधी, पेन नको, पेन्सिल, कारण पहिल्या सरीत पेनाची शाई वाहून जाते.

तासांचा हिशेब. फील्डच्या कामाला १ क्रेडिट म्हणजे ३० तास, तुमचे २ क्रेडिट म्हणजे ६०. हे सगळे ६० डोंगरात काढायचा अट्टाहास कशाला? निम्मे बाहेर, निम्मे आत. नकाशा वाचायला शिकवणं, आणलेले आकडे मांडणं, एकमेकांच्या नोंदी तपासणं, लिहिणं हेही त्यातच धरा. प्राचार्यांकडे जाताना हाच कागद घेऊन जा: तारीख, जागा, त्या दिवशीचा प्रश्न, मुलं काय घेऊन परत येणार, मार्क कशाला. पिकनिकला असा कागद नसतो, एवढंच त्यांना दिसलं की पुरे, बाकी वाद घालू नका.

मार्कांचं म्हणाल तर फाईल नको. फाईल गेल्या वर्षीच्या सिनियरची असते हे तुम्हालाही माहीत आहे, मुलांनाही, झेरॉक्सवाल्याला तर सगळ्यात आधी. ५० मार्क असतील तर निम्मे तरी फील्डच्या वहीला द्या, आणि वहीच्या त्या दिवसाच्या पानांवर परतीच्या गाडीत बसायच्या आधी, तिथल्या तिथे सही करा. पान चिखलाचं असलं तरी चालेल, उलट बरंच. उरलेले मार्क तोंडी, पण तेही जागेवर, "हा खडक कुठला आणि कशावरून?" असं. जी पोरगी वर्गात तोंड उघडत नाही ती तिथे बोलते, कारण गुरांच्या मागे सड्यावर फिरलेली असते, अर्धी झाडं तिला घरातल्या नावाने माहीत असतात. ती नावं वहीत लिहू द्या, शास्त्रीय नाव शेजारी नंतर लिहिता येईल.

आता जरा कडू बोलतो. तुम्ही सीएचबीवर आहात. वर्गातल्या तासाचे पैसे तरी मिळतात, बाहेरचा पूर्ण दिवस किती तास धरणार ते आधी लेखी घ्या, नाहीतर तुमची हौस कॉलेजला फुकटात पडेल आणि पुढच्या वर्षी तुम्ही त्याच नेमणुकीच्या ऑर्डरच्या रांगेत. त्याहून महत्त्वाचं, काही कमी-जास्त झालं तर बोट आधी तात्पुरत्या माणसाकडे वळतं. म्हणून प्रमुख म्हणून एका कायम प्राध्यापकाचं नाव, तुमचं सोबत. प्राचार्यांची सही, पालकांची संमतीपत्रं, विमा, मुलांच्या आजाराची माहिती, सगळं कागदावर. तोंडी "जा हो मॅडम, काही होत नाही" यावर पाय उचलू नका. आणि परतताना "सर अर्धा तास बीचवर" हे तर अजिबात नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगडातल्या मुरूडला पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं सहलीत बुडाली, तेव्हापासून कुठलाही पालक सहल म्हटलं की आधी तेच आठवतो. तुमच्या कागदावर समुद्राचं नावच नसेल तर निम्मी भीती तिथेच जाते.

मुलींचं. पालक मुक्कामाला नाही म्हणतात, सकाळी जाऊन संध्याकाळच्या एसटीने परत याला सहसा नाही म्हणत नाहीत. एसटीत मुलींना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तोही मुद्दा घरी चालतो. पण खरी अडचण वेगळीच असते आणि ती मुली सरांना सांगत नाहीत, मग पाणीच पीत नाहीत दिवसभर आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. जायच्या आधी वाडीत एक घर ठरवा, तिथलं संडास वापरायला मिळेल असं, पैसे देऊन. तिथल्याच बचत गटाच्या बायकांना जेवण सांगा, घावन-चटणी, भात-आमटी, जे असेल ते. पॅड, पाणी, कागद, पिशवी तुमच्या सॅकमध्ये. आणि हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी मुलींना वेगळं बसवून स्पष्ट सांगा. मुक्काम करायचाच असेल तर दुसऱ्या वर्षी, तोवर पालकांना तुमची सवय झालेली असेल.

देवराईत नेणार असाल तर आधी गुरवाला आणि गावकऱ्यांना भेटून या. चपला कुठे काढायच्या, कुठपर्यंत जायचं, काही ठिकाणी बायकांनी आत जायचं नसतं. ते पटत नसेल तर दुसरी देवराई निवडा, पण मुलांसमोर दारात उभं राहून वाद नको, पुढच्या वर्षी त्या गावात कुणी उभं करणार नाही.

पावसाचं अगदी सोपं ठेवा. जुलै ते ऑगस्टचा मध्य, घाट आणि उतार बंद, फक्त सपाट सडा, तोही हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट नसेल तर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली होतं आणि त्याच दिवशी महाडच्या तळियेवर डोंगर आला, आणि २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दरीत कोसळलेली दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांची बस, दापोलीत कुणाला विचारायची गरज नाही. ऑक्टोबरात उलटं, सकाळ छान असते आणि दुपारनंतर गडगडाट सुरू होतो, उघड्या सड्यावर वीज म्हणजे लपायला जागा नाही, तेव्हा एक वाजता खाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोळे मिटून जा, घाटही करा. शिमग्याच्या आठवड्यात काही ठेवू नका, मुलं पालखीला जाणार, ती तुमचं ऐकणार नाहीत आणि ऐकूही नये.

राहिला साप. सड्यावर मुख्य भीती फुरशाची. लहान असतं, रंग कातळासारखा, दगडाखाली बसतं. गडग्याच्या फटीत हात घालायचा नाही, बसायच्या आधी काठीने जागा आपटायची, बूट घालायचे, सँडल नाही, आणि दगड उलटून बघायची हौस असेल तर फक्त तुमच्यासमोर, काठीने. चावलाच तर जखमेवर चीर द्यायची नाही, घट्ट आवळायचं नाही, मांत्रिक नाही, हात-पाय हलू न देता सरळ दवाखाना, १०८ ला फोन. आपल्याकडे जी सर्पदंशाची लस मिळते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालते. घाटातल्या हिरव्या चापडा सापावर ती चालत नाही, पण म्हणून घरी थांबायचं नाही, दवाखान्यात जायचंच. आणि प्रत्येक खेपेच्या आदल्या दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करून विचारा, लस शिल्लक आहे का, आणि शनिवार-रविवार असेल तर डॉक्टर जागेवर असतील का, तेही.